तीन जामीनदार

फायनान्समध्ये पीएच.डी. करायला अमेरिकेला जायचं ठरवतेय असं सांगितलं की सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "खर्च किती येणार?" आणि दुसरा, "मग एमबीएच का नाही करत?" प्रश्न रास्त होते. आपल्याकडे फायनान्स म्हणजे सीए, एमबीए, फार तर सीएफए; आणि परदेशी शिक्षण म्हणजे घर तारण ठेवून काढलेलं कर्ज. मी स्वतः एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करत होते. मुलाला परदेशी पाठवायचं म्हणून फ्लॅटची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेले वडील माझ्याच टेबलासमोर बसायचे.

डॉक्टरेटचं गणित याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतली बिझनेस स्कूल पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ करतात आणि साधारण पाच वर्षं विद्यावेतन देतात. बहुतेक ठिकाणी आरोग्य विम्याचा भारही तीच उचलतात. त्या बदल्यात प्राध्यापकांना संशोधनात मदत करायची, पुढे वर्गही शिकवायचे. एका विद्यार्थ्यामागे विभागाचा एवढा पैसा आणि प्राध्यापकांचा एवढा वेळ जातो की जागा फार कमी निघतात. त्याच विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग वर्षाला वीस-पंचवीस जण घेत असेल, तर फायनान्सवाले तीन-चार घेतात. कधी दोनच. अर्ज मात्र शेकड्यांनी येतात, शांघायपासून साओ पावलोपर्यंत सगळीकडून.

बँकेच्या भाषेत हे विनातारण कर्ज आहे. घेणारा दहा हजार किलोमीटरवर बसलेला. त्याला कधी पाहिलेलं नाही, त्याचं कॉलेज नकाशावर शोधावं लागतं. परतफेड म्हणजे पाच-सहा वर्षांनी त्याने लिहिलेला एखादा चांगला प्रबंध आणि त्यावर मिळालेली प्राध्यापकाची नोकरी. ती होईलच याची खात्री कोणी द्यायची? शिफारसपत्रं देणाऱ्या तिघांनी. या सगळ्या प्रक्रियेत गुणपत्रक, परीक्षा, निबंध असं बरंच काही असतं, पण माझ्या अनुभवात सगळ्याचा कणा ती तीन पत्रंच आहेत. म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

आमच्या बँकेत विनातारण कर्जाला दोन जामीनदार लागत. जामीनदार सभासद असावा, पगाराचा दाखला जोडावा, सही जुळावी, एवढं झालं की कागद पुरा. पण आमचे मॅनेजरसाहेब जामीनदाराला समोर बसवून विचारायचे, "यांच्याशी तुमचा पैशांचा व्यवहार कधी झालाय का?" 'चांगला मुलगा आहे, कष्टाळू आहे, घरचे सज्जन आहेत' असं उत्तर आलं की साहेब ऐकून घ्यायचे आणि प्रकरण बाजूला ठेवायचे. दुसरा कोणी सांगायचा, "दिवाळीला दुकानात माल भरायला माझ्याकडून चाळीस हजार घेतले. संक्रांतीला देतो म्हणाला होता, रथसप्तमीनंतर दिले. पण उशीर होणार हे आठ दिवस आधी घरी येऊन सांगून गेला." ते प्रकरण त्याच आठवड्यात मंजूर व्हायचं. उशीर झाला हे त्यात लपवलेलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्याला माणूस दिसत होता.

अमेरिकेतले प्राध्यापक शिफारसपत्र असंच वाचतात. 'हुशार, मेहनती, नम्र आणि वक्तशीर' या पत्राचा त्यांना काही उपयोग नसतो. त्यांना हवं असतं ते वेगळंच: हिने माझ्याबरोबर अमुक महिने काम केलं, आकडेवारीतली अमुक चूक मी सांगायच्या आधी हिने पकडली, मी दिलेल्या पद्धतीत अमुक अडचण आहे असं हिने दाखवलं, आणि मी आजवर ज्यांना पीएच.डी.ला पाठवलं त्यांच्या तुलनेत ही इथे बसते. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. पत्र लिहिणाऱ्याने याआधी पाठवलेला विद्यार्थी तिथे चांगला चालला असेल, तर त्याच्या शब्दाला वजन येतं. वाया गेला असेल, तर पुढच्या पत्राची किंमत उतरते. जामीनदाराची स्वतःची पत पणाला लागलेली असते. म्हणूनच ज्याला आपण नीट ओळखत नाही त्याच्यासाठी जाणता प्राध्यापक दोन ओळींच्या वर लिहीत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता सांगलीच्या मुलीने हे जामीनदार आणायचे कुठून?

मी विलिंग्डन कॉलेजातून गणितात बी.एस्सी. केलं. तिथे एका सरांनी रिअल ॲनालिसिस असं शिकवलं की एप्सिलॉन-डेल्टाच्या सिद्धता मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतात. या विषयाचं महत्त्व आमच्याकडे वाणिज्य शाखेच्या मुलांना कोणी सांगत नाही, याची मला खरंच चीड येते. फायनान्सच्या पीएच.डी.चं पहिलं वर्ष म्हणजे ताळेबंद आणि शेअर बाजार नसतो. पहिल्या सत्रात मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन या तिघांचं सूक्ष्म अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक समोर येतं, आणि त्यात पानोपानी प्रमेयं असतात. त्यानंतर अर्थमिती, मग कोक्रेनच्या पुस्तकातून मालमत्तांच्या किमतींचा सिद्धांत. निवड समिती गुणपत्रकात कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता आणि ॲनालिसिस शोधते, कारण पहिल्या वर्षी विद्यार्थी कशावर घसरतो हे तिला ठाऊक असतं. बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेल्या हुशार मुलीला हे तेविसाव्या वर्षी कळतं, आणि तोवर ते विषय घ्यायची वेळ निघून गेलेली असते. एकोणिसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर वाट मोकळी राहिली असती.

बँकेत मला पुढचं शिकायची ओढ लागली ती २०१९च्या महापुरात. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली. गावभाग, मारुती चौक, बाजारपेठेचा मोठा भाग पाण्याखाली होता. विश्रामबागेकडचा उंच भाग मात्र बहुतांश कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर थकबाकीची यादी हातात आली आणि ती चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. कर्जदार गावभागातला, त्याचे दोन्ही जामीनदार त्याच गल्लीतले. जामीनदार जवळचा असावा, त्याला कर्जदाराची खडान्‌खडा माहिती असावी, म्हणूनच तर आपण शेजारी घेतो. पण पुरात तिघांच्याही घरात पाणी शिरलं. ज्या ओळखीमुळे जामीन भक्कम वाटत होता, तीच ओळख त्या आठवड्यात निरुपयोगी ठरली. आणि ज्याने विश्रामबागेतला मेहुणा जामीनदार दिला होता, त्याचे हप्ते? ते वेगळे वागतात का? यादीवरून काही ठरवता येत नव्हतं, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

पुढे पुण्यात गोखले संस्थेत एम.एस्सी.ला असताना राजकमल अय्यर आणि मंजू पुरी यांचा लेख वाचला. तो २०१२ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आलेला. २००१ च्या मार्चमध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली, तेव्हा गुजरातमधल्या दुसऱ्या एका सहकारी बँकेवर पैसे काढायला लोकांची झुंबड उडाली. या दोघांनी त्या बँकेच्या खातेनिहाय नोंदी तपासल्या. ज्याचं बँकेशी जुनं नातं आहे, ज्याने तिथून कर्ज घेतलंय, तो ठेवीदार सहसा धावत सुटत नाही. ठेव विम्याने घबराट कमी होते, पण पुरती थांबत नाही. आणि ओळखीतल्यांनी पैसे काढले की माणूसही काढतो. ही ओळख त्यांनी कशी मोजली? खातं उघडण्याच्या अर्जावर 'ओळख देणाऱ्याची सही' असा रकाना असायचा, त्यावरून. तो रकाना मी शेकडो अर्जांवर तपासला होता. सही जुळते का एवढंच पाहायचं आणि शिक्का मारायचा. त्याच रकान्यावरून बँकेवर झुंबड उडते तेव्हा माणसं कशी वागतात हे जगातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी एकात मांडता येतं, हे वाचून मी ग्रंथालयात बराच वेळ पान न उलटता बसले होते. ग्रंथालय धनंजयराव गाडगीळांच्या नावाचं. महाराष्ट्राच्या सहकाराला ज्यांनी अर्थशास्त्रज्ञाची नजर दिली, ते या संस्थेचे पहिले संचालक. सहकारी बँकेतला प्रश्न घेऊन बसायला याहून योग्य जागा कोणती असणार?

प्रश्न होता, गणित होतं. पण मला संशोधन करताना पाहिलेली माणसं जवळजवळ नव्हतीच. गोखल्यातल्या मॅडमनी माझा प्रबंध पाहिला होता, त्या एक झाल्या. बाकीच्यांसाठी पीएच.डी.च्या आधीची एक-दोन वर्षं संशोधन सहायक म्हणून काम करावं लागणार होतं. अमेरिकेत याला आता प्रीडॉक म्हणतात आणि शिकागो, स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी त्याच्या जागांसाठीही चुरस असते. आपल्याकडे मुंबईत रिझर्व्ह बँकेने उभारलेलं काफरल हे संशोधन केंद्र, हैदराबादचं आयएसबी, वेगवेगळ्या आयआयएममधले प्राध्यापक असे सहायक घेतात. मला मुंबईत एका प्राध्यापकांकडे जागा मिळाली. पगार बँकेतल्यापेक्षा थोडा कमीच होता. बँकेची कायम नोकरी सोडलीस ती 'सहायक' व्हायला का, असं मामा म्हणाले. आई म्हणाली, जा.

त्या कामाचं स्वरूप बाहेरून कोणाला कळत नाही, म्हणून एक तुकडा सांगते. आमच्याकडे कंपन्यांच्या ताळेबंदांची माहिती सीएमआयईच्या 'प्रोवेस'मधून यायची आणि कर्जवसुलीच्या दाव्यांची माहिती दुसरीकडून. दोन्ही याद्यांतली एकच कंपनी ओळखायची तर हातात फक्त नाव. आणि इंग्रजीत आपली नावं! 'श्री' तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला असतो, 'लक्ष्मी' दोन तऱ्हांनी, 'टेक्स्टाईल' कधी एकवचनी कधी अनेकवचनी, 'प्रायव्हेट' कधी पूर्ण, कधी तीन अक्षरी, कधी गायब. इचलकरंजीत एकाच नावाच्या दोन कंपन्या निघतात आणि मालक चुलतभाऊ असतात. संगणकाला सांगून ऐंशी टक्के नावं जुळतात. उरलेली माणसानेच बघायची: पिनकोड, स्थापनेचं वर्ष, कंपनी निबंधकाकडे कोणत्या बँकेच्या नावाने बोजा नोंदलाय ते. एक जोडी चुकीची जुळली तर बुडालेली कंपनी नफ्यात दिसते आणि निष्कर्ष फिरतो. सर संध्याकाळी मी जुळवलेल्या जोड्यांतून मन मानेल तशा वीस-पंचवीस उचलायचे आणि प्रत्येकीबद्दल विचारायचे, "ही कशावरून?" 'तशी वाटली' हे उत्तर चालायचं नाही.

एकदा मला असं दिसलं की ठरावीक शहरांत दावा दाखल झाल्याची तारीख आणि निकालाची तारीख पुष्कळ ठिकाणी एकच आहे. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "नोंद करणाऱ्याने एक तारीख दोन्हीकडे टाकली असेल." मूळ कागद मागवून पाहिले, तसंच निघालं, आणि आमच्या कोष्टकातला एक निष्कर्ष त्यामुळे निम्म्यावर आला. सरांना तो निष्कर्ष आवडता होता. त्यांनी तो काढून टाकला. माझ्या शिफारसपत्रात सरांनी हा प्रसंग लिहिला होता, हे मला मुलाखतीत कळलं. संशोधन म्हणजे काय हे मी त्या आठवड्यात जितकं शिकले तितकं कोणत्याही अभ्यासक्रमात शिकले नाही.

अर्जाच्या बाकीच्या भागांवर फार लिहावंसं वाटत नाही. जीआरईच्या गणित विभागात १७० पैकी १६५ च्या वर असावेत असं सगळे मानतात, आणि ते सरावाने जमतं. जीआरई व टोफेल मिळून चाळीस हजारांच्या घरात खर्च होतो. पुढे प्रत्येक विद्यापीठाचं अर्ज शुल्क शंभर डॉलरच्या आसपास, शिवाय गुण पाठवायचे वेगळे पैसे. दहा-बारा ठिकाणी अर्ज करायचा तर लाखाच्या वर जातं. काही विद्यापीठं अडचण सांगितली तर शुल्क माफ करतात. न लाजता मागावं. मुदती डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असतात, म्हणजे दिवाळी झाली की श्वास घ्यायला फुरसत नाही.

आपल्या टक्केवारीचं मात्र समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे साठ टक्के म्हणजे प्रथम वर्ग, आणि गणितात पंच्याहत्तर मिळवणारा तालुक्यात ओळखला जातो. तिकडे पंच्याहत्तर टक्के म्हणजे जेमतेम. गुणपत्रकावर वर्गातला क्रमांक छापलेला नसतो, तेव्हा तो शिक्षकानेच पत्रात लिहायला हवा. पत्र भरायच्या ऑनलाइन फॉर्मवरही विचारलेलं असतंच: हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? आणि हा फॉर्म शिक्षकाच्या संस्थेच्या ईमेलवरून भरला जावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या कितीतरी उत्तम शिक्षकांकडे कॉलेजचा ईमेलच नसतो, जीमेलवर सगळा कारभार. समितीला शंका येते की हे पत्र सरांनी लिहिलं की विद्यार्थ्यानेच. विलिंग्डनच्या सरांनी कॉलेजच्या कार्यालयात चार वेळा चकरा मारून तो ईमेल सुरू करून घेतला, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना.

उद्दिष्टाच्या निबंधात मी पुराचा प्रश्न मांडला. लहानपणापासूनची आवड, देशसेवा वगैरे मुंबईच्या सरांनी लिहूच दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दोन पानांत सांगायचं ते इतकंच: प्रश्न काय, तो कशाने तपासता येईल, आणि या विभागातल्या कोणाच्या कामाशी तो जुळतो. सांगलीत पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत. कर्जं पुराच्या आधी मंजूर झालेली. एकाच गल्लीतले दोन कर्जदार, दोघांच्याही घरात पाणी. एकाचा जामीनदार पूररेषेच्या आत राहणारा, दुसऱ्याचा बाहेर. पुरानंतर दोघांची परतफेड कशी वेगळी होते? एवढ्यावरून जामिनाची खरी ताकद मोजता येईल का?

जानेवारीच्या अखेरीस एका विभागाकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. त्यांची सकाळची दहाची वेळ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. पडद्यावर दोन प्राध्यापक. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि त्यांतल्या एका बाईंनी थेट विचारलं, "जामीनदार कर्जदारच निवडतो ना? ज्याची ओळख गल्लीच्या बाहेर आहे तो मुळातच सुस्थितीतला असेल. मग तुम्ही मोजताय ते जामीनदाराचं बळ की कर्जदाराचंच?" प्रश्न अचूक होता. मी म्हटलं, तसं असेल तर पुराच्या आधीच्या वर्षांतही त्याची परतफेड दुसऱ्यापेक्षा सरस दिसली पाहिजे. आधी दोघं सारखे चालत असतील आणि पुरानंतरच फाटा फुटत असेल, तर जामिनाचा वाटा मानायला जागा आहे. त्या म्हणाल्या, "सुस्थितीतल्या माणसाचं बळ संकटातच दिसतं. शांत काळात दोघं सारखेच दिसतील." हेही खरं होतं. मग आम्ही तिघं मिळून त्यावर बोलत राहिलो: विश्रामबागेतल्या जामीनदाराची नोकरी बाजारपेठेतच असेल तर? कर्जदाराच्या ठेवी पाहता येतील का? मुलाखत चालू आहे हे मी विसरून गेले होते. फोन बंद केल्यावर पहिल्यांदा वाटलं की हे काम मला आयुष्यभर करायला आवडेल, ते कुठेही का असेना.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरं येतात. बहुतेक नकार दोन ओळींचे असतात, काही ठिकाणची प्रतीक्षायादी लांबत जाते. अमेरिकेतल्या बऱ्याचशा विद्यापीठांनी १५ एप्रिल ही तारीख आपसात मान्य केलेली आहे. त्याआधी विद्यार्थ्यावर निर्णयाची सक्ती करता येत नाही. ज्यांना दोन-तीन ठिकाणी होकार असतो ते शेवटच्या आठवड्यात एकेक जागा सोडतात आणि खालच्यांची सोय होते. मला त्याच मुलाखतीतल्या विभागाचा होकार मार्चमध्ये आला. मध्य-पश्चिमेतलं सार्वजनिक विद्यापीठ, बँकिंगवर काम करणारे चार प्राध्यापक. बाबांनी विद्यावेतनाचं पत्र छापून घेतलं आणि आमच्या जुन्या मॅनेजरसाहेबांना दाखवायला नेलं.

आमच्या तुकडीत चौघं. बाकीचे तिघं कुठून आले हे पाहिलं आणि माझं मत आणखी पक्कं झालं. प्रत्येकाने इथे यायच्या आधी अशा कोणा प्राध्यापकाबरोबर काम केलेलं होतं, ज्याला हा विभाग नावाने ओळखतो. भारतातून येणाऱ्यांतही आयआयटी, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांची नावं पुन्हा पुन्हा येतात. तिथली मुलं हुशार असतातच. पण तिथून वर्षानुवर्षं कोणी ना कोणी इथे आलेलं आहे, पत्र लिहिणाऱ्याचा शब्द इथे तपासून झालेला आहे. शिवाजी विद्यापीठातून किंवा सोलापुरातून येणाऱ्या मुलीच्या पाठीशी ती साखळी नाही. तिची बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तिच्यासाठी उभं राहणाऱ्याला इथे कोणी ओळखत नाही म्हणून अर्ज मागे राहतो. आणि तिन्ही पत्रं एकाच कॉलेजातून आली, तिन्हींत तेच लिहिलेलं असलं, तर समितीच्या हाती एकाच पत्राइतकी माहिती लागते. एका गल्लीतल्या दोन जामिनांचं जे होतं तेच.

२०२५ मध्ये यात आणखी एक अडचण वाढली. मेअखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या गेल्या, नंतर समाजमाध्यमांची खाती तपासणं सुरू झालं. ज्यांच्या हातात होकार होता त्यांनीही तो उन्हाळा मुंबईतल्या बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या तारखेकडे डोळे लावून काढला. जे आता अर्ज करतायत त्यांना मी युरोपातली आणि आशियातली विद्यापीठंही बघायला सांगते. टिलबर्ग, बोकोनी, लंडन बिझनेस स्कूल, सिंगापूर आणि हाँगकाँगची विद्यापीठं. फायनान्सचं काम तिथेही पहिल्या दर्जाचं होतं. आणि आपल्या आयआयएममध्ये, आयएसबीत राहून उत्तम संशोधन करणारे आहेतच.

पुराचा प्रश्न मी सोडलेला नाही. दुसऱ्या वर्षाचा निबंध त्यावरच लिहितेय. सांगली-कोल्हापूरकडच्या काही बँकांशी, नावं आणि खाते क्रमांक काढून टाकलेल्या नोंदी मिळाव्यात म्हणून बोलणं चालू आहे. एका बँकेच्या संचालकांनी विचारलं, "यातून आम्हाला काय मिळणार?" मी सांगितलं, पुढच्या पुराआधी जामीनदार कुठला घ्यायचा ते कळेल. ते म्हणाले, बैठकीत ठेवतो.

गेल्या सुट्टीत सांगलीला गेले तेव्हा विलिंग्डनच्या सरांना भेटले. ते आता निवृत्त आहेत, पण मुलं अजून घरी येतात. त्यांच्याकडची दोन मुलं गणितात पुढे जायचं म्हणतात, एकीला अर्थशास्त्राकडे वळायचंय. सरांनी वही काढली आणि विचारलं, "मला एकदा नीट सांग, त्यांना पत्रात नेमकं काय हवं असतं." मी सांगत गेले, ते लिहून घेत गेले: मुलीने कोणतं गणित वेगळ्या वाटेने सोडवलं, कुठे अडली, अडल्यावर काय केलं, आजवरच्या विद्यार्थ्यांत तिची जागा. सर म्हणाले, "चाळीस वर्षांतली मुलं मला आठवतात. त्यांतली पहिली दहा सांगू शकतो." मग तेच लिहा, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, मुंबईतल्या तुझ्या सरांना या मुलीबद्दल मीच फोन केला तर चालेल का? मी तिथेच बसून नंबर लावून दिला.